पानगळीचे इन्स्पेक्टर

हैदराबादेत पानगळ होत नाही, अशी काकांची तक्रार होती आणि ती त्यांनी रीतसर नोंदवून ठेवली आहे. त्यासाठी लांब वही आहे. वहीत पट्टीने आखलेले रकाने आहेत: तारीख, झाड, पानांचा रंग, गळतीचं प्रमाण, शेरा. पहिल्या ऑक्टोबरात शेऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'नाही' असं लिहिलंय आणि तळाशी काकांची सही आहे.

काकांची सगळी नोकरी एका सरकारी कारखान्यात, मालाची तपासणी करण्यात गेली. समोर येईल ती वस्तू एक तर पास करायची, नाही तर परत पाठवायची. निवृत्तीनंतर वस्तू यायच्या थांबल्या, हात थांबेनात. मग काका घर तपासायला लागले. पोळीची जाडी, दुधातलं पाणी, सोसायटीच्या लिफ्टचं दार मिटायला लागणारा वेळ. काकू मूळच्या काचीगुड्याच्या, विवेकवर्धिनीत शिकलेल्या. त्यांना कुणी सहजासहजी नापास करू शकत नाही. पण त्याही कंटाळल्या. तेवढ्यात बोस्टनच्या लेकीने दोघांना बोलावलं. "अमेरिका मोठी आहे, तपासायला पुरेल," असं म्हणत काकूंनी बॅगा भरल्या.

तिकडे काकांना ऑक्टोबर भेटला. लेकीने न्यू हॅम्पशायरचे डोंगर दाखवले, हार्वर्ड विद्यापीठाची १८७२ पासूनची झाडांची बाग दाखवली. शुगर मेपल शेंदरी झालेले, ओक तपकिरी, बाकीची पिवळीधमक. काका हरखले खरे, पण त्यांना जिंकलं ते रंगांनी नव्हे. कोणत्या भागात रंग कोणत्या आठवड्यात ऐन भरात येणार याचे तिकडे नकाशे निघतात. काकांनी नकाशा पाहिला, तारीख पाहिली, गाडीतून उतरून झाड पाहिलं. झाड तारखेला लाल होतं! कारखान्यात एवढी वर्षं काढून एकही माल कधी तारखेला आलेला काकांना आठवत नव्हता. ते बराच वेळ त्या मेपलसमोर टोपी काढून उभे राहिले.

असे काका आता प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. कुणी तिकडून रांगेची शिस्त घेऊन येतं आणि भाजीवाल्यासमोर एकटंच रांग लावून उभं राहतं. कुणी कचऱ्याचं वर्गीकरण आणतं. आमच्या काकांनी मेपलचं पान आणलं, लॅमिनेट करून. ते पाकिटात पॅनकार्डाच्या मागे असतं आणि कुणी "काय सुंदर झाड आहे" म्हटलं की ते बाहेर निघतं. झाडाशेजारी धरलं जातं. झाड नापास होतं.

आम्ही काही मराठी मंडळी कोंडापूरला राहतो आणि सकाळी कोत्तागुड्याच्या बोटॅनिकल गार्डनला फिरायला जातो. बागेला मुख्यमंत्री होऊन गेलेल्या कोटला विजयभास्कर रेड्डींचं नाव आहे, ते फक्त पाटीवर. औषधी झाडं, इमारती लाकडाची झाडं, फळझाडं, बांबू असे विभाग आहेत. मधूनमधून दख्खनचे ते ग्रॅनाइटचे धोंडे, कुणी तरी एकावर एक रचून जेवायला गेल्यासारखे. मोर आहेत. आणि झाडांच्या डोक्यावरून हायटेक सिटीच्या काचेच्या इमारती दिसतात, त्यांत काम करणारे निम्मे पुण्याहून आलेले.

परत आल्यावरच्या पहिल्याच ऑक्टोबरात काकांनी ग्रुपवर निरोप टाकला: 'रविवारी फॉल कलर्स. पावणेसहा. गेटपाशी.' आम्ही गेलो. काका वहीसह हजर. आता हैदराबादचा ऑक्टोबर म्हणजे काय, तर पाऊस नुकता परत निघालेला, कधी कधी निघता निघता पुन्हा वळून दोन सरी टाकणारा. खडकांच्या फटींत ओल आहे, झाडं पोटभर प्यायलेली आहेत. वर्षभरात जेवढं हिरवं व्हायचं तेवढं ती या महिन्यात असतात. काका एकेका झाडाखाली थांबले, चष्मा वर केला, खाली केला. एका करंजाला एक पिवळं पान होतं. त्याभोवती आम्हाला गोल उभं केलं गेलं. पान रोगट निघालं.

वाट झाडणारी अम्मा केरसुणी टेकून हे बघत होती.

"साब, क्या ढुंडरें?"

"पत्ते. गिरनेवाले पत्ते."

अम्मा हसली. "अब्बी कैकू गिरते साब? अब्बी तो पानी पिये."

या एका वाक्यात सगळं वनस्पतिशास्त्र होतं, पण काकांनी ते नोंदवून घेतलं नाही, कारण त्याला रकाना नव्हता.

त्या महिन्यात हैदराबादेत पानं उतरलेलं झाड काकांना सापडलं, नाही असं नाही. ते जम्मीचं होतं आणि ते दसऱ्याच्या सकाळी सापडलं. जम्मी म्हणजे आपली शमी, पांडवांनी शस्त्रं लपवली ती. तेलंगणाने २०१४ साली राज्य झाल्यावर तिला राज्यवृक्ष केलं. आपण दसऱ्याला आपट्याची पानं सोनं म्हणून देतो, इथे जम्मीची देतात, आणि हैदराबादचे मराठी लोक वाद नको म्हणून दोन्ही देतात. त्यामुळे सोसायटीमागच्या जम्मीवर चारी बाजूंनी हात पडतात आणि सकाळी काडी उरते. काकांनी घाईघाईने वही काढली: गळतीचं प्रमाण, शंभर टक्के. काकूंनी शेऱ्याच्या रकान्यात स्वतः लिहिलं, 'शेजारच्यांनी ओरबाडलं.'

पिवळ्या रंगाचीही तीच कथा. त्याच दिवसांत बतुकम्मा असते. बायका तरवडाच्या पिवळ्या फुलांचे, कोंबड्याच्या तुऱ्यांचे थरावर थर रचून ते डोलारे तळ्याकडे नेतात. काका गच्चीतून ओरडले, "आलं, पिवळं आलं!" सगळा रस्ता पिवळा चालला होता खरा, पण तो बायकांच्या डोक्यावरून. काकांनी विचार करून नोंद केली नाही. नियमात बसत नव्हतं.

काकूंचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते हैदराबादचा शरद बघायचाच नसतो, खायचा असतो. सप्टेंबर सरता सरता रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या टोपल्या लागतात. खडकाळ माळरानावर, कुणी पाणी न घालता येणारं हे फळ. महबूबनगरकडच्या बालानगरच्या नावाने तर सीताफळाची एक जातच ओळखली जाते. काकू टोपलीपाशी उकिडव्या बसतात, फळाचे डोळे उघडलेत का पाहतात, तीन शब्द तेलुगूत आणि चार दखनीत भाव पाडतात. काका मागे उभे राहून सांगत असतात की तिकडे लोक पैसे भरून बागेत जातात आणि आपली सफरचंदं आपणच तोडतात. "पैसे भरून मजुरी?" काकू विचारतात, आणि एक सीताफळ जादा टाकून घेतात.

पण फळांच्या बाबतीत काका अगदीच कोरडे राहिले नाहीत. उलट पानांनी दगा दिल्यावर त्यांनी आपली सगळी तपासणी फळांकडे वळवली, आणि इथे मात्र बागेने त्यांना माल पुरवला. बागेत तोडायला मनाई आहे, त्यामुळे फक्त खाली पडलेलं. पाच पंखांचं अर्जुनाचं फळ. बेहड्याची करडी गोळी. शिरीषाच्या चपट्या शेंगा, वाळल्या की वाऱ्याने अशा वाजतात की काकूंना सोसायटीची सर्वसाधारण सभा आठवते. आणि बहाव्याची ती काळी, हातभर लांब शेंग, काठीसारखी. उन्हाळ्यात सोनेरी झुंबरांचे फोटो काढणाऱ्या लोकांना ही शेंग त्याच झाडाची, हे सांगूनही पटत नाही.

ही शेंग काकांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर फोडली. आत एकावर एक पैशांसारखे कप्पे, प्रत्येकात एक बी आणि काळा चिकट गर. काकांनी गर बोटावर घेतला, चाटला, म्हणाले, "गोडसर आहे." आणखी चाटला. आता बहाव्याचा मगज हे आपल्याकडचं पिढ्यान्‌पिढ्यांचं सौम्य रेचक आहे, हे काकूंना माहीत होतं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फिरायला काका नव्हते. वहीत त्या तारखेपुढे 'परिणामकारक' एवढीच नोंद आहे.

रिठ्याचं तर विचारूच नका. वाळलेले रिठे पँटच्या खिशात राहिले आणि पँट वॉशिंग मशीनमध्ये गेली. मशीनच्या झाकणाखालून फेस आला, न्हाणीघरातून पॅसेजमध्ये आला. सून असती तर घरात युद्ध पेटलं असतं. काकूंनी फक्त पँट बघितली आणि म्हणाल्या, "इतक्या दिवसांत पहिल्यांदा उपयोगी फळ आणलंत."

एकदा मात्र मी काकांना वहीशिवाय पाहिलं. जंगली बदामाखाली, एका सपाट धोंड्यावर बसून ते बदाम फोडत होते. वटवाघळांनी कुरतडून टाकलेली लालसर फळं गोळा केलेली, हातात दगड. आतली ती करंगळीच्या नखाएवढी गिरी अख्खी निघायला फटका बेतानेच बसावा लागतो. परभणीत शाळेच्या मागे शिकलेली कला. त्यांचा एकही फटका चुकला नाही. सिक्युरिटीवाल्याने शिट्टी मारली, जवळ आला, आणि काकांनी दिलेली गिरी खाऊन पुन्हा शिट्टी मारत दुसरीकडे गेला.

याच बदामाने पुढे काकांना हरवलं. डिसेंबर संपत आला, सकाळी कानटोप्या निघाल्या. आणि संक्रांतीच्या सुमारास एक दिवस काका वाटेत थबकले. बदामाची ती ताटलीएवढी पानं लाल झाली होती. अर्धवट नव्हे, तांबडी, किरमिजी, मधूनच एखादं शेंदरी. खाली पडून उलटी झालेली, तीही लाल. काकांनी पाकीट काढलं, लॅमिनेट केलेला मेपल काढला, बदामाच्या पानाशेजारी धरला. बराच वेळ धरला. मग मेपल परत पॅनकार्डामागे गेला.

"अम्मा, ये पैले क्यूं नै बोले?"

"तुम पूछे क्या साब?" अम्मा म्हणाली. आणि मग केरसुणी न थांबवता तिने सगळं सांगून टाकलं. बदाम संक्रांतीला. सागाचं पान मोठं, पडताना आवाज करतं, आपल्या मागे कुणी आलं की काय असं वाटतं, ते त्याच्यापाठोपाठ. वेपा, म्हणजे कडुनिंब, शिवरात्रीच्या मागेपुढे, आणि त्याची बारीक पानं रोज झाडली तरी रोज तेवढीच. कानुगा, म्हणजे करंज, उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आधी रिकामा होतो आणि आठ-पंधरा दिवसांत पुन्हा हिरवा. आणि रावी? पिंपळ कधी गळणार? "वो रावी कूच मालूम."

हे पंचांग पुस्तकातून आलेलं नाही. ज्याला रोज वाट झाडायची असते त्याला कुठलं झाड कधी गळतं हे पाठ होणारच. तिला लॅटिन नाव एकही येत नाही आणि तिची तारीख एकही चुकत नाही. काकांनी सगळं उतरवून घेतलं. अम्माने सांगितलेल्या नावापुढे लॅटिन नाव लिहिलं, संक्रांतीपुढे १४ जानेवारी लिहिलं, आणि वेळापत्रक तयार झालं म्हणून खूश झाले. मग शेजारशेजारच्या दोन कडुनिंबांनी तीन आठवड्यांच्या अंतराने पानं टाकली.

काकांना हे सहन होईना. ते शास्त्रात शिरले. त्यांच्याकडून फेऱ्याफेऱ्याने जे कळलं ते असं: बोस्टनला डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस नऊ तासांचा, हैदराबादला अकरा तासांहून थोडा मोठा. तिकडे दिवस भराभर आखडतात, थंडी पडते, आणि सगळ्या झाडांना एकदमच आवरतं घ्यावं लागतं. इथे बर्फ नाही, अंधार नाही. इथे झाडाला पान टाकायला लावतो तो कोरडेपणा. पानांतून पाणी उडतं, जमिनीत पाणी उरत नाही, म्हणून पान टाकायचं. आता जमिनीतलं पाणी कुणाच्या मुळाशी किती, हे झाडागणिक वेगळं. एकाच्या बुडाशी खडक, दुसऱ्याच्या बुडाशी सोसायटीची फुटकी पाइपलाइन. फुटक्या पाइपलाइनवरचं झाड मार्चपर्यंत हिरवं राहतं. ज्याने त्याने आपापल्या सोयीने सुट्टी घ्यायची, असा हा कारभार. काका निवृत्त झाले ते ज्या कारखान्यातून, तिथेही असंच होतं असं ऐकतो.

चिंच मात्र काकांनी नापास केली होती. चिंच पूर्ण कधी निष्पर्ण होत नाही, रंग बदलत नाही. काकूंनी वही वाचली आणि पहिल्यांदाच रागावल्या. उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात एक चिंच आहे. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला पूर आला, हजारो माणसं गेली, आणि त्या एका चिंचेच्या फांद्यांना धरून सुमारे दीडशे माणसं वाचली. काचीगुड्याच्या पोरींना ही गोष्ट पाळण्यातच कळते. "तुमचा मेपल पानं टाकायच्या तयारीला लागतो त्या महिन्यात ही माणसं घेऊन उभी होती," काकू म्हणाल्या. चिंचेपुढचा शेरा खोडला गेला. काकांच्या वहीत खाडाखोड आहे ती तेवढीच.

मार्चमध्ये किनवटला लग्न होतं. आदिलाबादवरून गाडीने निघालो, काका पुढे. रस्त्याकडेचा साग पार उघडा, पानगळ म्हणजे कशी, की खाली घोटाभर पाचोळा. पळस पेटलेले, त्यांना एक पान नाही. काका लिहीत होते. अचानक ओरडले, "थांबवा!" ड्रायव्हरला वाटलं वयोमानाचं काम आहे, त्याने आडोसा बघून गाडी घेतली. काका उलट्या दिशेने धावले. मोकळ्यावर एक कुसुंब उभा होता, आणि तो डोक्यापासून पायापर्यंत लाल होता. न्यू हॅम्पशायरच्या तोंडात मारेल असा लाल.

"फॉल!" काका म्हणाले. "मार्चमध्ये फॉल!"

बघायला थांबलेल्या एका म्हाताऱ्या गुराख्याने त्यांना सांगितलं की मालक, ही गळती नाही, ही पालवी आहे. कुसुंबाची कोवळी पानंच लाल असतात, मग हिरवी होतात.

काका गाडीत येऊन बसले. थोडा वेळ गप्प. मग त्यांचं शास्त्र सुरू झालं. मेपलचं पान मरताना हिरवा रंग मोडतो, आतला पिवळा जो पहिल्यापासून असतो तो उघडा पडतो आणि लाल रंग नव्याने तयार होतो. कुसुंबाच्या कोवळ्या पानात त्याच जातीचा लाल रंग असतो, हिरवा रंग भरायच्या आधी. पिंपळाच्या, आंब्याच्या तांबूस पालवीतही तेच. म्हणजे रंगद्रव्य एकच, पण तिकडे पान जाताना लाल होतं आणि इकडे येताना.

"थोडक्यात," मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "तिकडे म्हातारपणी रंगतात. इकडे लहानपणी. तुम्ही तिकडचेच."

हा घाव काकांनी पचवला, कारण त्यांना नवा माल मिळाला होता. आता रात्री बोस्टनला व्हिडिओ कॉल लागला की लेक आपल्या अंगणातला मेपल दाखवायला जाते आणि काका तिला अडवतात. "तुमचं एकदाच, दोन आठवडे," ते सांगतात. "आमचं संक्रांतीपासून उगादीपर्यंत चालतं, आणि त्यानंतर पालवीचं वेगळं." वर्षभराच्या नोंदींची बेरीज करून त्यांनी हैदराबादबद्दल अंतिम निकालही दिला आहे: 'पानगळ आहे. शिस्त नाही. सशर्त पास.' अट कोणती, हे अजून झाडांना कळवलेलं नाही.

तेव्हा वाचकहो, कोत्तागुड्याला येणार असाल तर ऑक्टोबरात झाडांकडे बघू नका, सीताफळं घ्या. लाल पानं हवी असतील तर जानेवारीत या, बदाम बघा. करंजाची कोवळी, तकतकीत पालवी गुढीपाडव्याच्या सुमारास असते. सकाळी लवकर गेलात तर झाडणारी अम्मा भेटेल, तिला विचारा, दोन मिनिटांत सांगते. वही घेतलेले एक गृहस्थ भेटले तर त्यांनाही जरूर विचारा; फक्त नाश्ता करून या, आणि त्यांनी खिशातून काही काढून चाखायला दिलं तर चाखू नका.